सवलतीचा हिशेब : नेरुळ-पवईपासून चारशे दुकानांपर्यंत

पगाराच्या आठवड्यातला शनिवार आहे आणि डीमार्टच्या काउंटरला रांग नाही, असं महाराष्ट्रातल्या शहरांत आता सहसा घडत नाही. ट्रॉलीत पाच-पाच किलोच्या पिठाच्या पिशव्या, तेलाचे डबे, तूरडाळ, धुण्याची पावडर आणि वर एखादी बादली नाहीतर चादर. बिल हातात पडलं की एकूण रकमेनंतर डोळे जातात ते एमआरपीपेक्षा किती पैसे वाचले, त्या आकड्यावर. पाच हजारांच्या किराण्यात चार-पाचशे वाचले तर मध्यमवर्गीय घराला ते लागतातच, उगाच नाही माणसं दोन बसस्टॉप पलीकडे जाऊन हे सामान उचलून आणत.

हे चार-पाचशे रुपये सोडतं कोण? आपली समजूत अशी असते की दुकानदार आपल्या नफ्यातला वाटा सोडतो आणि पुढेमागे कुठेतरी तो वसूल करतो. डीमार्टचे ताळेबंद वाचले की चित्र निराळं दिसतं. इथे गिऱ्हाईकाला दिलेला पैसा आधी खर्चातून वाचवलेला असतो. तो कसा वाचवला जातो, ही या संस्थेची खरी वाटचाल आहे. दुकानांची संख्या आणि शेअरचा भाव यांच्याबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण त्या मागाहूनच्या गोष्टी.

डीमार्टचे संस्थापक राधाकिशन दमाणी मुळात शेअर बाजारातले. नव्वदीच्या दशकात दलाल स्ट्रीटवर त्यांचं नाव झालं. शेअर दलाल हर्षद मेहताच्या तेजीच्या काळात मंदीच्या बाजूला उभं राहिलेल्यांमध्ये ते होते. पुढे चांगल्या कंपन्यांचे शेअर घ्यायचे आणि वर्षानुवर्षं हलायचं नाही, या पद्धतीवर ते स्थिरावले. किराणा व्यापारात ते उतरले १९९९ च्या सुमारास. दामोदर मॉल या सहकाऱ्यासोबत त्यांनी नेरुळमध्ये 'अपना बाजार'ची फ्रँचाइझी घेतली.

या तपशिलापाशी थोडं थांबलं पाहिजे, कारण तो बहुतेक लेखांत एका ओळीत उरकला जातो. 'अपना बाजार' ही मुंबईच्या गिरणगावातून उभी राहिलेली ग्राहक सहकारी संस्था. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत तिची सुरुवात झाली. युद्धानंतरची टंचाई, रेशन, काळाबाजार यांत कामगाराला चोख वजनात आणि रास्त भावात धान्य मिळावं, एवढाच हेतू. मध्यस्थ टाळा, एकत्र माल उचला, भाव आणि वजन उघड ठेवा, हे धडे मुंबईकरांनी सुपरमार्केट हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी तिथे गिरवले होते. दमाणींनी किराण्याची उमेदवारी केली ती याच नावाखाली. फरक पुढे पडला. सहकारी संस्थेतली शिल्लक सभासदांची असते. डीमार्ट चालवणाऱ्या अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स या कंपनीतला सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा आजही दमाणी कुटुंब आणि त्यांच्या संस्थांकडे आहे. तरीही महाराष्ट्राच्या ग्राहक चळवळीचं ऋण या व्यवसायावर आहे, असं मला ठामपणे वाटतं.

कंपनी नोंदली गेली २००० मध्ये आणि पहिलं डीमार्ट उघडलं २००२ मध्ये, पवईला.

त्यानंतरची सात-आठ वर्षं बाहेरून पाहणाऱ्याला संथ वाटावीत अशी आहेत. देशात मॉलची लाट आलेली होती. रोज कुणीतरी शंभर, दोनशे, पाचशे दुकानांच्या घोषणा करत होतं. डीमार्टची दुकानं मात्र मुंबई महानगर, पुणे, गुजरात अशी शेजारी-शेजारी आणि मोजकीच उघडत होती. २००४ मध्ये हिंदुस्तान लिव्हरमधून इग्नेशियस नेव्हिल नोरोन्हा आले आणि २००७ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. माल बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूला बसून दुकानदाराशी घासाघीस केलेला माणूस आता दुकानदाराच्या बाजूला आला होता. माल बनवणारी कंपनी कोणत्या गोष्टीवर किती सोडू शकते, हे त्यांना आतून ठाऊक होतं.

वेग कमी असण्याचं मोठं कारण जागा. डीमार्ट शक्यतो भाड्याच्या जागेत दुकान थाटत नाही. जमीन किंवा इमारत विकत घ्यायची, नाहीतर तीस-तीस वर्षांच्या पट्ट्यानं घ्यायची, असा शिरस्ता पहिल्यापासून आहे. मुंबई-ठाण्यात दुकानाची जागा विकत घेणं म्हणजे सुरुवातीलाच प्रचंड भांडवल अडकवणं, त्यामुळे दरवर्षी मोजक्या दुकानांपलीकडे मजल जाणं शक्यच नव्हतं. पण किराण्यात भाडं हा वैरी आहे. डाळ-साखरेत शंभर रुपयांच्या विक्रीमागे चार-पाच रुपये सुटणार असतील आणि त्यातले निम्मे घरमालकाला जाणार असतील, तर गिऱ्हाईकाला सूट द्यायची कशातून? शिवाय दुकान चालायला लागलं, वस्ती वाढली की भाडंही वाढतं. दुकानदारानं आणलेल्या गर्दीचा फायदा मालकाला. डीमार्टनं हा खर्च एकदाच सोसला. जागा जसजशा जुन्या होत गेल्या, तसतसा त्यांचा भार विक्रीच्या तुलनेत हलका होत गेला.

जागा आपली असली तरी ती झगमगीत नाही. मॉलच्या मधोमध डीमार्ट क्वचितच दिसतं, बहुधा उपनगराच्या कडेला स्वतःच्या सरळसोट इमारतीत असतं. आत उजेड चोख, पण सजावट नाही. माल फळीवर आहे, आणि फळीच्या वर, छताच्या दिशेनं, त्याच मालाची न फोडलेली खोकी रचलेली आहेत. म्हणजे गोदामाचं काम दुकानच करतं. सकाळी फळ्या भरायच्या आणि दिवसभर विकायचं. वाटा इतक्या अरुंद की समोरून ट्रॉली आली तर एकानं मागे सरायचं. मोफत पिशवी नाही. गाडीत सामान ठेवायला माणूस नाही. फळं-भाजी असली तर मोजकी, त्यामुळे नासाडीही मोजकी. यातली कोणतीही गोष्ट गिऱ्हाईकाला सुखाची नाही, पण प्रत्येकीतून काही पैसे वाचतात आणि किंमतपट्टीत उतरतात.

आता सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट. जगभरातल्या मोठ्या सुपरमार्केटांचं एक जुनं गणित आहे. माल आज उचलायचा, तो दोन-तीन आठवड्यांत विकायचा आणि पुरवठादार कंपनीला पैसे द्यायचे महिन्या-दोन महिन्यांनी. मधल्या काळात दुसऱ्याच्या पैशावर धंदा. डीमार्टनं उलटा रस्ता धरला. पुरवठादाराला साधारण आठवड्याभराच्या आसपास पैसे मिळतात. मोठं दुकान आणि वेळेवर पैसे, हे आपल्या बाजारात सहज न जुळणारं समीकरण आहे. एखाद्या मसाला किंवा पापडाच्या छोट्या उत्पादकाला विचारून पाहा, त्याची झोप उडते ती मालाच्या खपानं नाही, तर अडकलेल्या बिलांनी.

लवकर पैसे देण्यात दानधर्म नाही, व्याजाचा सरळ हिशेब आहे. समजा, पुरवठादार तीस दिवसांची उधारी देतो आणि म्हणतो, लगेच दिलेत तर दोन टक्के कमी द्या. तीस दिवसांत दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस टक्क्यांच्या घरात जातं. बँकेतून दहा-बारा टक्क्यांनी पैसे घेतले तरी ही रोखीची सूट घेणं फायद्याचंच, आणि स्वतःचं भांडवल असेल तर विचारायलाच नको. पुरवठादारालाही ते परवडतं, कारण त्याला बाजारातून पैसे उचलायला याहून महाग पडतं. एवढंच नाही, माल कमी असतो तेव्हा कंपनी आधी कुणाची गाडी भरते? जो रोख देतो त्याची. दिवाळीच्या आधी तेल-रव्याची चणचण असताना ज्याच्या फळ्या भरलेल्या, त्याच्याकडे गिऱ्हाईक वळतं.

पण लवकर पैसे देण्याची चैन परवडते ती माल झपाट्यानं फिरतो म्हणून. डीमार्टमध्ये माल सरासरी महिनाभरात विकला जातो, म्हणजे तेच भांडवल वर्षाला बारा-एक वेळा फिरतं. एका फेरीत शेकडा चार-पाच रुपये सुटले, तर वर्षाअखेरीस त्याच शंभर रुपयांवर किती झाले याचा हिशेब कुणीही करू शकेल. जुन्या वाण्याला हे पाठच असायचं, कमी घ्यावं आणि पुन्हा पुन्हा घ्यावं. त्यासाठी प्रत्येक प्रकारात भारंभार ब्रँड ठेवायचे नाहीत. ज्याचा खप आहे ते ठेवायचं, जे धूळ खातं ते फळीवरून उतरवायचं. डाळी, मसाले, सुकामेवा मोठ्या प्रमाणात घेऊन निवडून, पॅक करून देण्यासाठी वेगळी उपकंपनी आहे. दुकानं जवळजवळ असल्यामुळे एकाच वितरण केंद्रातून निघालेली गाडी एका फेरीत कितीतरी दुकानांना माल देते. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये घट्ट जाळं विणून झाल्यावरच तेलंगणा, कर्नाटक, आंध्र, मध्य प्रदेश असा विस्तार होत गेला, त्याचं कारण डिझेलच्या बिलातही आहे.

सूट देण्याची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. भारतात पाकीटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती आहे. ती छापलेली किंमत म्हणजे डीमार्टची फुकटातली जाहिरात. शेजारी आपला भाव लिहिला की फरक गिऱ्हाईकाला वाचता येतो. ठरावीक दिवसांचा महासेल नाही, कूपन नाही, रोज तोच कमी भाव. सेल असला की आदल्या आठवड्यात दुकान ओस पडतं, सेलच्या दिवशी चेंगराचेंगरी होते, आणि दोन्ही वेळा माणसं, माल, गाड्या यांचा मेळ बिघडतो. रोजचा भाव सारखा असेल तर खपाचा अंदाज बरोबर येतो आणि माल पडून राहत नाही.

सगळ्या वस्तूंवर सारखी सूट मात्र नसते. साखर, तेल, तूरडाळ, नेहमीचा साबण यांचे भाव घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात. तिथे डीमार्ट जेमतेम नफा घेतं, कारण दुकान स्वस्त की महाग हे गिऱ्हाईक या आठ-दहा वस्तूंवरून ठरवतं. प्लॅस्टिकचा टब, स्टीलचा डबा, पायपुसणं, मुलांचा टीशर्ट, चादर यांचा भाव कुणाच्याच डोक्यात पक्का नसतो. तिथे नफ्याचं प्रमाण बरंच जास्त. किराणा आणि खाद्यपदार्थ विक्रीच्या निम्म्याहून अधिक, साबण-पावडरीसारखा माल पंचमांश, आणि कपडे-भांडी वगैरे सुमारे पाव. या शेवटच्या पाव हिश्श्यावर संपूर्ण दुकानाचा तोल पेललेला असतो.

हे विधान कागदावरचं राहिलं नाही, २०२० मध्ये ते प्रत्यक्ष तपासलं गेलं. टाळेबंदीत फक्त जीवनावश्यक माल विकायची परवानगी होती. किराण्याचा मजला सुरू, कपडे-भांड्यांचा बंद. मार्च २०२० ला संपलेल्या वर्षात कंपनीची विक्री २४,६७५ कोटी आणि नफा १,३५० कोटी रुपये होता. पुढच्या वर्षी विक्री २३,७८७ कोटींवर आली, म्हणजे घट चार टक्क्यांहूनही कमी. नफा मात्र १,१६५ कोटींवर घसरला, जवळपास चौदा टक्क्यांनी. डाळ-तांदूळ खपत होता तरी बादल्या-चादरी विकल्या जात नव्हत्या. एका चौरस फुटामागची विक्री ३२,८७९ रुपयांवरून २७,३०६ वर आली. सूट कुठून येते, याचं याहून स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

सूट देणारे बाकीचे कसे गेले, हेही सांगायला हवं. १९९७ मध्ये चेन्नईत सुरू झालेली सुभिक्षा २००८ पर्यंत दीड हजारांवर दुकानांपर्यंत पोहोचली आणि २००९ मध्ये रोकड आटल्यानं कोसळली. पुरवठादारांची देणी थकली, माल येणं थांबलं, फळ्या रिकाम्या पडल्या. स्वस्ताईची कल्पना चुकीची नव्हती, पैसे फिरण्याआधीच दुकानं वाढवत नेली गेली. किशोर बियाणींच्या बिग बाजारनं २६ जानेवारीच्या 'सबसे सस्ता दिन'सारख्या उत्सवांनी देशाला सुपरमार्केटची गोडी लावली, हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण दुकानं भाड्याची होती आणि कर्ज वाढत गेलं. टाळेबंदीनंतर भाडी थकली. शेवटी २०२२ च्या फेब्रुवारीत, ज्या जागांचे करार रिलायन्सकडे आले होते, त्या जागांचा ताबा रिलायन्सनं घेतला. त्याच वर्षी बिग बाजार चालवणारी फ्युचर रिटेल दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. एका बाजूला भाड्याच्या जागेत वेगानं वाढलेला व्यवसाय, दुसऱ्या बाजूला आपल्या जागेत सावकाश वाढलेला. टाळेबंदीत दोघांनाही गिऱ्हाईक दुरावलं, पण घरमालकाच्या नोटिसा एकालाच आल्या.

मार्च २०१७ मध्ये डीमार्टनं भागविक्री केली. २९९ रुपयांना दिलेला शेअर २१ मार्चला सहाशेच्या वर नोंदला गेला. उभारलेल्या १,८७० कोटींतला मोठा भाग कर्ज फेडायला गेला. इथेही तोच स्वभाव दिसतो. तेव्हा दुकानं १३१ होती, मार्च २०२५ अखेर ४१५ झाली. त्या वर्षी सगळं मिळून ५९,३५८ कोटींची विक्री आणि २,७०७ कोटींचा नफा. गिऱ्हाईकानं दिलेल्या शंभर रुपयांतले पंच्याऐंशी मालालाच जातात. सात-साडेसात पगार, वीज, वाहतूक अशा खर्चाला. घसारा, व्याज आणि कर वजा जाता साडेचार रुपये हातात राहतात.

या साडेचार रुपयांत कुणाचा घाम आहे, हेही मोजलं पाहिजे. दुकानात दिवसभर उभं राहून फळ्या भरणारी, काउंटरवर रांगा संपवणारी बहुसंख्य माणसं कंत्राटी आहेत, कायम कर्मचाऱ्यांपेक्षा त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. कमी शिकलेल्या तरुणांना इथे काम मिळतं आणि त्यांच्यातले काही वर चढतात, हे खरं. कंत्राटाची अनिश्चितता सवलतीच्या हिशेबात कुठेच दिसत नाही, हेही तितकंच खरं आहे.

आणि ही सवलत सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. ज्याच्याकडे महिन्याच्या किराण्याचे पैसे एकरकमी आहेत, सामान आणायला स्कूटर किंवा रिक्षाचं भाडं आहे, पाच किलोची पिशवी ठेवायला स्वयंपाकघरात जागा आहे, त्याला ती मिळते. रोजंदारीवरची बाई संध्याकाळी पाव किलो साखर आणि तेलाचं छोटं पाउच घेते. तिला कोपऱ्यावरचा वाणीच लागतो, कारण तो वहीत लिहून ठेवतो आणि शनिवारी मागतो. त्याच्याकडे एमआरपीवर सूट नसते, पण उधारी असते, आणि त्या उधारीचं व्याज तो स्वतः सोसतो. सुपरमार्केट आल्यावर त्याची महिन्याची मोठी गिऱ्हाइकं गेली आणि उधारीवाली राहिली. सोलापूर, सांगली, अमरावतीत त्याच्या गल्ल्यावर बसून दोन तास बाजार पाहिला तर हे दिसतं. त्याच्यासाठी घाऊक खरेदीच्या सहकारी संस्था जोमानं उभ्या राहायला हव्या होत्या. ज्या महाराष्ट्रानं साखर आणि दूध सहकारातून उभं केलं, त्यानं किराणा वाऱ्यावर सोडला, याची खंत वाटते.

डीमार्टपुढे आज वेगळीच अडचण आहे. त्याच्या स्वस्ताईचा एक भाग असा की घरापर्यंत माल पोहोचवण्याचं काम गिऱ्हाईक विनामोबदला करतं. आपल्या वेळेनं येतं, फळीवरून उचलतं, रांगेत थांबतं, ओझं वाहतं. दहा-पंधरा मिनिटांत माल दारात आणणाऱ्या कंपन्यांनी नेमकं हेच काम अंगावर घेतलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल जाहीर करताना नोरोन्हांनीच मान्य केलं की महानगरांतल्या, जास्त विक्रीच्या मोठ्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतो आहे, आणि शेअर एका दिवसात आठ-नऊ टक्के पडला. डीमार्ट रेडी ही त्यांची स्वतःची ऑनलाइन सेवा बरीच वर्षं चालू आहे, पण ती चालवणारी उपकंपनी तोट्यातच आहे. २०२५ मध्ये बेळगाव, अमृतसर यांच्यासह पाच शहरांतून ती सेवा काढून घेतली गेली.

नोरोन्हांचा कार्यकाळ जानेवारी २०२६ पर्यंतचा ठरला आणि त्यांच्या जागी युनिलिव्हरमधून आलेले अंशुल असावा यांची निवड झाली. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात कंपनीनं पन्नास नवी दुकानं उघडली, आणि त्यांच्या जागाही शक्यतो विकतच घ्यायच्या, हा शिरस्ता सुटलेला नाही. एका दुकानात अडकवलेलं भांडवल वसूल व्हायला कैक वर्षं लागतात. तोवर मुंबई-पुण्याची नवी पिढी किराण्यासाठी घराबाहेर पडणार की नाही, याचा अंदाज आज जमिनीचा व्यवहार करतानाच बांधावा लागतो.